कादेनावरून विमान कोणाच्या परवानगीने उडणार?

७ नोव्हेंबर २०२५ रोजी जपानच्या संसदेत विरोधी पक्षाचे ज्येष्ठ नेते कात्सुया ओकादा यांनी पंतप्रधान सानाए ताकाइची यांना तैवानबद्दल नेमका प्रश्न विचारला आणि पंतप्रधानांनी त्याचे उत्तर जरा जास्तच नेमके दिले. युद्धनौका आणून तैवानवर बळाचा वापर झाला, तर ती जपानच्या ‘अस्तित्वाला धोका निर्माण करणारी परिस्थिती’ ठरू शकते, असे त्या म्हणाल्या. २०१५ च्या सुरक्षा कायद्यांत या शब्दांना ठरलेला अर्थ आहे. जपानवर हल्ला झालेला नसतानाही स्वसंरक्षण दलांना, म्हणजे जपानी सैन्याला, लढाईत उतरवण्याचा दरवाजा या शब्दांनी उघडतो. चीनने दोन आठवड्यांच्या आत आपल्या नागरिकांना जपानला जाऊ नका असे बजावले आणि नुकतीच कुठे सुरू झालेली जपानी मासळीची आयात पुन्हा रोखली. तेव्हापासून एक जुना वाद नव्याने पेटला आहे: जपानने अमेरिकेचा हात सोडून तटस्थ व्हावे, की तो हात आणखी घट्ट धरावा? आपल्याकडच्या चर्चांतही हा वाद रंगतो. एक बाजू नेहरूंच्या अलिप्ततावादाचा दाखला देते, दुसरी चीनचा बागुलबुवा उभा करते आणि तासाभराने सगळे आपापल्या जागी परततात.

माझे मत आधीच सांगून टाकतो. जपानने अमेरिकेशी असलेली युती मोडू नये. तटस्थतेची जी किंमत जपानला द्यावी लागेल, ती देण्याची त्याची तयारी नाही आणि ती त्याने द्यावी असे त्याच्या शेजाऱ्यांनाही वाटणार नाही. पण युतीचे समर्थक ज्या युतीची तरफदारी करतात, तिच्यातली एक महत्त्वाची तरतूद १९६० पासून एकदाही वापरली गेलेली नाही. जपानच्या भूमीवरून, म्हणजे दक्षिणेकडच्या ओकिनावातल्या कादेनासारख्या अमेरिकी तळांवरून, अमेरिकेने लढाई सुरू करण्यापूर्वी जपानला विचारायचे, अशी ती तरतूद आहे. वाद घालायचाच असेल तर तो इथे घालायला हवा.

तटस्थतावाद्यांना वेड्यात काढण्याची फॅशन आहे, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करू. जपानने ‘पॅसिफिकचे स्वित्झर्लंड’ व्हावे ही कल्पना कोणा डाव्या विद्यार्थ्याची नव्हे. १९४९ साली ती खुद्द युद्धोत्तर जपानचा ताबा सांभाळणाऱ्या अमेरिकी जनरल मॅकआर्थर यांनी बोलून दाखवली होती. पुढच्याच वर्षी कोरियात युद्ध पेटले आणि वॉशिंग्टनचा सूर बदलला. जपानी विचारवंतांचा मात्र बदलला नाही. राज्यशास्त्रज्ञ मासाओ मारुयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९५० मध्ये, कोरियातले युद्ध ऐन भरात असताना, मांडले की अण्वस्त्रांच्या युगात युद्ध हे कोणत्याच उद्दिष्टाचे साधन राहिलेले नाही. जपानने सोव्हिएत संघ आणि चीनसकट सगळ्यांशी एकदम तह करावा, कोणालाही तळ देऊ नयेत. टोकियो विद्यापीठाचे अध्यक्ष शिगेरू नानबारा हेच म्हणत, तेव्हा पंतप्रधान योशिदा यांनी विद्या विकून जगाची मर्जी राखणारा पंडित अशा अर्थाच्या शब्दांत त्यांचा जाहीर पाणउतारा केला. भारताची भूमिका नानबारांच्या जवळची होती. सप्टेंबर १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को शांतता परिषदेला भारत गेला नाही. परकी सैन्य जपानमध्ये ठेवण्याची सोय, ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात राहणे आणि तैवान कोणाला परत करायचे याबद्दलचे मौन हे भारताचे आक्षेप होते. पुढे ९ जून १९५२ रोजी भारताने जपानशी वेगळा तह केला आणि युद्धभरपाईवरचा हक्क सोडला.

आणि योशिदांनी सॅन फ्रान्सिस्कोत काय मिळवले? शांतता तह झाला त्याच दिवशी, ८ सप्टेंबरला, त्यांनी सुरक्षा करारावर जपानतर्फे एकट्याने सही केली. त्या करारात अमेरिकेने जपानचे रक्षण करण्याचे स्पष्ट वचन नव्हते, मुदत नव्हती, आणि जपान सरकारने विनंती केल्यास देशांतर्गत दंगली मोडायला अमेरिकी फौज वापरण्याची मुभा मात्र होती. असा करार पाहून तटस्थतेकडे वळलेल्या माणसाला भाबडा म्हणता येत नाही.

तरीही त्यांचे उत्तर चुकीचे होते आणि आजही ते चुकीचेच आहे. याचे कारण तटस्थता म्हणजे काय, यातच आहे. ती जाहीर करून मिळत नाही. १९०७ च्या हेग करारांनी तटस्थ देशावर कामे लादली आहेत: लढणाऱ्या कोणत्याही पक्षाला आपल्या भूमीतून सैन्य वा दारूगोळा नेऊ द्यायचा नाही, आपल्या पाण्यात लढू द्यायचे नाही, आणि एरवी तटस्थ बंदरात लढणाऱ्यांच्या युद्धनौकेला चोवीस तासांपलीकडे थारा द्यायचा नाही. हे अडवण्याची कुवत नसेल, तर तटस्थता म्हणजे बोलाचीच कढी. बेल्जियमची तटस्थता १८३९ च्या लंडन तहाने महासत्तांनी मान्य केली होती. २ ऑगस्ट १९१४ च्या संध्याकाळी जर्मनीने वाट मागितली आणि उत्तरासाठी बारा तास दिले. स्वित्झर्लंड वाचले, पण १९४० मध्ये त्याने चार लाखांहून अधिक माणसे शस्त्रसज्ज केली होती आणि आल्प्सच्या पोटात किल्ले खोदले होते. स्वीडनच्या तटस्थतेला जून १९४१ मध्ये एक पूर्ण जर्मन डिव्हिजन आपल्या रेल्वेवरून नॉर्वेहून फिनलंडला जाऊ द्यावी लागली. शीतयुद्धात हाच स्वीडन अणुबॉम्बच्या संशोधनात बराच पुढे गेला होता आणि युद्ध झालेच तर नाटोची मदत घेता यावी म्हणून गुपचूप तयारी करत होता, हे १९९४ मध्ये त्यांच्याच चौकशी आयोगाने उघड केले. तोच स्वीडन मार्च २०२४ मध्ये नाटोत गेला, त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड. दोनशे वर्षे तटस्थतेचा अभ्यास असलेल्या स्वीडनलाही ती युक्रेनची अवस्था पाहून सोडाविशी वाटली, याचा काहीच अर्थ नाही का?

जपानला दूरचे दाखले हवेत कशाला? त्याच्या स्वतःच्या इतिहासात १३ एप्रिल १९४१ चा सोव्हिएत-जपान तटस्थता करार आहे. मुदत पाच वर्षे. त्यावर सही करणारे परराष्ट्रमंत्री मात्सुओका जर्मनीने रशियावर चाल करताच दोन महिन्यांत म्हणू लागले की आता आपणही रशियावर तुटून पडावे. त्या उन्हाळ्यात मांचुरियात प्रचंड जपानी फौज जमवण्यात आली. म्हणजे करार मोडण्याचा मोह आधी जपानलाच झाला. मग दक्षिणेकडचे तेल आणि अमेरिकेशी युद्ध यांत जपान गुंतला, तेव्हा करार दोघांच्याही सोयीचा ठरला. इतका की अमेरिकेने रशियाला पाठवलेल्या युद्धसामग्रीपैकी निम्म्याच्या आसपास माल सोव्हिएत निशाण लावलेल्या जहाजांतून, जपानच्या डोळ्यांदेखत, व्लादिवोस्तोकला उतरत होता. सोय संपली तसा करारही संपला. ५ एप्रिल १९४५ रोजी मॉस्कोने कळवले की आम्ही मुदत वाढवणार नाही. आहे ती मुदत अजून वर्षभर बाकी होती, आणि टोकियो तेवढ्याच भरवशावर शांततेसाठी मॉस्कोकडे मध्यस्थीची याचना करत राहिले. ८ ऑगस्टला युद्धाची घोषणा आली. पाच लाखांहून अधिक जपानी सैनिक सैबेरियाच्या छावण्यांत गेले. त्या कागदावर कोणी अविश्वास दाखवला असता तर तो शहाणा ठरला असता.

आता नकाशा पाहा. जपान हा डोंगरांनी वेढलेला लहानसा देश नाही. चौदा हजारांहून अधिक बेटांची ती साखळी चीन आणि रशियाच्या पॅसिफिकला जाणाऱ्या वाटेवर आडवी पडली आहे. व्लादिवोस्तोकची जहाजे सोया, त्सुगारू आणि त्सुशिमा या सामुद्रधुन्यांतून बाहेर पडतात. चिनी आरमार ओकिनावाचे मुख्य बेट आणि मियाको बेट यांच्यामधून. या सामुद्रधुन्यांबाबतची एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. १९७७ च्या कायद्याने जपानने आपली सागरी हद्द बारा सागरी मैलांपर्यंत वाढवली, पण सोया, त्सुगारू, ओसुमी आणि त्सुशिमाच्या पूर्व-पश्चिम वाटा अशा पाच ठिकाणी ती मुद्दाम तीन मैलांवरच ठेवली. मधली पट्टी खुला समुद्र राहिली. परक्या पाणबुड्या अण्वस्त्रे घेऊन गेल्या, तरी ‘आमच्या हद्दीत अण्वस्त्रे येऊ देणार नाही’ या वचनाला तडा जाऊ नये, ही त्यामागची सोय होती, असे तेव्हापासून बोलले जाते. युतीत असताना ही पळवाट चालून जाते. तटस्थ जपानला मात्र तैवानवरून युद्ध पेटले की याच पट्ट्यांत कोण जाते, कोण लपते, याचा हिशेब रोज द्यावा लागेल. दोन्ही बाजू त्याच्यावर दुसऱ्याला झुकते माप दिल्याचा आरोप ठेवतील. योनागुनी बेट तैवानपासून जेमतेम ११० किलोमीटरवर आहे. तिथले रडार तटस्थ कसे ठेवायचे? ते चालू ठेवले तर एका बाजूला राग, बंद केले तर दुसरीला.

हे सगळे स्वबळावर सांभाळायचे तर लागते काय? आज स्वसंरक्षण दलांत सव्वादोन लाखांच्या आतबाहेर माणसे आहेत आणि भरतीची उद्दिष्टे वर्षानुवर्षे हुकत आहेत. २०२४ साली जपानमध्ये सात लाखांहून कमी मुले जन्मली. २०१६-१७ च्या आर्थिक वर्षात जपानी लढाऊ विमानांना परकी विमाने अडवायला १,१६८ वेळा झेप घ्यावी लागली. कॅलरींच्या हिशेबाने अन्नाची स्वयंपूर्णता ३८ टक्के. कच्च्या तेलातला नव्वद टक्क्यांहून मोठा वाटा आखातातून. आणि शेजारी तीन अण्वस्त्रधारी. अमेरिकेचे अणुछत्र मिटले की टोकियोत पहिला प्रश्न अणुबॉम्बचाच निघेल. जपानच्या मालकीचे सुमारे ४४ टन प्लुटोनियम आहे, त्यातले बहुतांश ब्रिटन आणि फ्रान्समध्ये. तंत्रज्ञानाची वानवा नाही. निःशस्त्र तटस्थतेचे जे स्वप्न समाजवादी पक्षाने चाळीस वर्षे जपले, त्याचा प्रत्यक्षातला अवतार सक्तीची भरती आणि अण्वस्त्रे हा असण्याची शक्यता सर्वांत जास्त. हिरोशिमाच्या देशातल्या शांततावाद्यांना हे नको आहे, हे उघड आहे. पण मग हिशेब पुरा करून दाखवण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. १९९४ मध्ये समाजवादी पक्षाचे तोमिइची मुरायामा स्वतः पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांनी काही आठवड्यांत स्वसंरक्षण दले घटनात्मक आहेत आणि सुरक्षा करार पाळू असे संसदेत सांगून टाकले. हिशेब त्यांनाही जमला नव्हता.

भारताचा दाखला देणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते: कोणत्या भारताचा? नोव्हेंबर १९६२ मध्ये अमेरिकेकडे लढाऊ विमानांची मदत मागणाऱ्या? ऑगस्ट १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी करार करून धोका आल्यास ताबडतोब विचारविनिमय करू असे कलम घालून घेणाऱ्या? की १९९८ मध्ये अणुचाचण्या करणाऱ्या? अलिप्ततेत भारताने युद्धापासून दूर राहण्याचे वचन कोणालाच दिले नव्हते. हात मोकळे ठेवले होते, आणि ते मोकळे ठेवायला दहा लाखांवर खडी फौज आणि पुढे अण्वस्त्रे लागली. हेच जपानने करावे असे म्हणणाऱ्याने तसे स्पष्ट म्हणावे.

इथवर युतीच्या समर्थकांना बरे वाटले असेल. पण तटस्थतावाद्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा अजून बाकी आहे. तळ असतात तिथे क्षेपणास्त्रे येतात. अमेरिकेने तैवानसाठी लढायचे ठरवले, तर ओकिनावातला कादेना तळ पहिल्या काही तासांतले लक्ष्य असेल, आणि ते युद्ध जपानने निवडलेले नसेल. ४ ऑगस्ट २०२२ रोजी चीनने सरावात डागलेली पाच क्षेपणास्त्रे जपानच्या विशेष आर्थिक क्षेत्रात पडली, हा इशारा कोणाला होता हे सांगावे लागत नाही. या जोखमीची वाटणी तर त्याहून वाईट आहे. देशाच्या ०.६ टक्के भूमी असलेल्या ओकिनावात अमेरिकी सैन्याच्या खास वापरातल्या तळांचे सुमारे सत्तर टक्के क्षेत्र आहे.

त्या वाटणीचा अर्थ काय, ते १३ ऑगस्ट २००४ च्या दुपारी दिसले. फुतेन्मा तळाला लागून असलेल्या ओकिनावा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या प्रशासकीय इमारतीवर अमेरिकी मरीनचे सीएच-५३ हेलिकॉप्टर कोसळले. सुट्टीमुळे विद्यार्थी फारसे नव्हते, कोणी नागरिक दगावला नाही. पण मरीन सैनिकांनी कुंपण ओलांडून विद्यापीठाचा परिसर ताब्यात घेतला आणि जपानी पोलिसांनाच तपासासाठी आत जाऊ दिले नाही. जपानच्या शहरात, जपानी विद्यापीठाच्या आवारात! फुतेन्मा परत करण्याचे १९९६ मध्ये ठरले, ते ओकिनावातल्याच हेनोकोच्या समुद्रात भराव घालून नवा तळ बांधण्याच्या अटीवर अडकले. फेब्रुवारी २०१९ च्या सार्वमतात सुमारे ७२ टक्के मते भरावाच्या विरोधात पडली. २८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने राज्यपालांना बाजूला सारून बदललेल्या आराखड्याला स्वतःच मंजुरी देऊन टाकली. शिवाय २०२२ पासूनच्या पाच वर्षांत जपान तळांच्या खर्चापोटी वर्षाला सरासरी २११ अब्ज येन देत आहे. या माणसांना युती तुमच्या भल्याची आहे, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

मुद्दा मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. तळ गेले म्हणून ओकिनावाची जागा बदलणार नाही. मियाकोजवळचा मार्ग ज्याला हवा आहे त्याला तो तळांशिवायही हवाच राहील. तळ नकोत पण करार हवा, असा मधला मार्ग सुचवणारे अधिक विचार करून बोलतात. द गॉल यांनी १९६६ मध्ये फ्रान्स नाटोच्या लष्करी रचनेतून काढून घेतला, परकी सैन्ये घालवली आणि तरी युतीत राहिले. पण द गॉल यांच्या पुढ्यात पश्चिम जर्मनी आणि तिथे ठाण मांडून बसलेली अमेरिकी फौज होती, हाताशी स्वतःचा अणुबॉम्ब होता. जपानच्या पुढ्यात फक्त समुद्र आहे. फिलिपाइन्सच्या सिनेटने १९९१ मध्ये बारा विरुद्ध अकरा मतांनी तळांचा नवा करार फेटाळला, अमेरिकेशी असलेला परस्पर संरक्षणाचा करार मात्र तसाच राहिला. १९९५ च्या सुरुवातीला फिलिपाइन्सजवळच्या मिस्चिफ रीफ या प्रवाळखडकावर चिनी बांधकाम आढळले, आणि २०१४ मध्ये मनिलाने अमेरिकेला पुन्हा आपल्या तळांवर बोलावले. एकामुळेच दुसरे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, पण रिकामी जागा कोणाच्या तरी नजरेत भरते एवढे त्यातून दिसते.

दरम्यान, तटस्थतावाद्यांनी जपानवर केलेले एक उपकार त्यांचे विरोधक विसरतात. ऑक्टोबर १९५३ मध्ये माजी अर्थमंत्री हायातो इकेदा वॉशिंग्टनला गेले, तेव्हा अमेरिकेला जपानकडून सव्वातीन लाखांची भूसेना हवी होती. इकेदा एक लाख ऐंशी हजारांवर अडून बसले. त्यांची ताकद कशात होती? राज्यघटनेच्या युद्धाचा त्याग करणाऱ्या कलम ९ मध्ये, आणि घरी बसलेल्या समाजवादी खासदारांत. ‘आम्हाला जास्त ताणाल तर उद्या ते सत्तेवर येतील’ हे वाक्य योशिदांच्या माणसांना मोठ्याने उच्चारावेही लागले नाही. १९५५ पासून समाजवादी पक्षाकडे घटनादुरुस्ती रोखण्याइतक्या, एक तृतीयांशाहून अधिक, जागा होत्या. त्यांचे धोरण कधी अमलात आले नाही, पण त्यांच्या अस्तित्वामुळे युतीचा करार जपानच्या बाजूला झुकला. १९६० ची दुरुस्ती हे त्याचेच फळ: अमेरिकेचे रक्षणाचे वचन पाचव्या कलमात स्पष्ट लिहिले गेले, दंगलीचे कलम गेले, दहा वर्षांनंतर वर्षभराची सूचना देऊन करार संपवण्याचा हक्क दोघांना मिळाला. नंतर तो लगाम समाजवाद्यांकडून सत्तेतल्या भागीदार कोमेइतो पक्षाकडे आला. २०१४ मध्ये सामूहिक स्वसंरक्षणाच्या, म्हणजे मित्रदेशासाठी लढण्याच्या, अटी आवळून घेण्यात कोमेइतोचा वाटा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोमेइतो सव्वीस वर्षांची साथ सोडून बाहेर पडला. पुढच्याच महिन्यात ताकाइचींचे ते उत्तर आले.

माणसांचा लगाम सुटला की कायद्याचा हवा, आणि तो करारात लिहिलेलाच आहे. १९ जानेवारी १९६० रोजी करारासोबत पंतप्रधान किशी आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हर्टर यांच्यात पत्रांची देवघेव झाली. तीन गोष्टींसाठी पूर्वसल्लामसलत बंधनकारक: सैन्याच्या तैनातीत मोठा बदल, शस्त्रसामग्रीत मोठा बदल, आणि जपानवरचा हल्ला सोडून इतर लढायांसाठी जपानच्या तळांचा वापर. ‘मोठा’ म्हणजे किती, तेही ठरले होते: भूसेनेची एक डिव्हिजन, आरमाराचा एक टास्क फोर्स, हवाईदलाची एक एअर डिव्हिजन, शस्त्रसामग्रीत अण्वस्त्रे, मध्यम व लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे आणि त्यांचे तळ. जपानच्या इच्छेविरुद्ध वागणार नाही, असे आयझेनहॉवर यांनी त्याच दिवशीच्या संयुक्त निवेदनात सांगितले. कागद उत्तम आहे. आजवर त्याखाली एकदाही सल्लामसलत झालेली नाही. व्हिएतनाम युद्धाची सगळी वर्षे धरूनही.

हे जमले कसे? पळवाटा तीन. पहिली ‘हालचाली’ची: टोकियोजवळच्या योकोसुका तळाहून निघालेली विमानवाहू नौका व्हिएतनामच्या किनाऱ्यावर जाऊन बॉम्बफेक करते, पण जपानमधून ती फक्त ‘हलली’, लढाई जपानमधून सुरू झाली नाही, म्हणून विचारायचे कारण नाही. दुसरी ओकिनावाची: १९७२ पर्यंत ते अमेरिकेच्या ताब्यात असल्याने कादेनाहून बी-५२ बॉम्बफेकी विमाने उडाली तरी कलम लागू नव्हते. तिसरी गुप्ततेची: कोरियात पुन्हा हल्ला झाल्यास जपानच्या तळांवरून लगेच लढाई सुरू करता येईल, असा एक गुप्त मसुदा १९६० मध्येच परराष्ट्रमंत्री फुजियामा आणि अमेरिकी राजदूत मॅकआर्थर (जनरलचे पुतणे) यांनी केला होता. सरकारने पन्नास वर्षे तो नाकारला. २००९ मध्ये सत्ताबदल झाल्यावर नव्या परराष्ट्रमंत्र्यांनी कपाटे उघडायला लावली आणि मार्च २०१० मध्ये तज्ज्ञ समितीने तो कागद खरा असल्याचे सांगितले. ते परराष्ट्रमंत्री म्हणजे हेच कात्सुया ओकादा.

तैवानच्या बाबतीत ही भोके बुजवलेली नाहीत. कादेनाहून उडून थेट सामुद्रधुनीत मारा करणाऱ्या विमानासाठी विचारावे लागेल. तेच विमान आधी अमेरिकेच्या ग्वाम बेटावर जाऊन तिथून निघाले तर? इंधन भरणारे विमान जपानचे आणि मारा करणारे ग्वामचे असेल तर? जपानी भूमीवरच्या केंद्रातून लक्ष्याची माहिती पाठवली तर ते लढाईसाठी तळ वापरणे झाले की नाही? सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने टायफॉन ही क्षेपणास्त्र प्रणाली सरावासाठी जपानमधल्या इवाकुनी तळावर आणली. तिच्यातून टॉमाहॉक डागता येते, ज्याचा पल्ला दीड हजार किलोमीटरच्या पुढे आहे. सरावापुरते आणले की मोठा बदल ठरत नाही का, आणि सराव किती दिवसांचा असू शकतो? १९६० ची मोजपट्टी डिव्हिजनांनी मोजते. आजच्या लढाईत डझनभर ट्रकही पुरतात.

यावर नेहमीचे उत्तर असे की ‘नाही’ म्हणणारा मित्र अमेरिका टाकून देईल, विशेषतः ट्रम्प यांच्यासारखा अध्यक्ष, ज्यांनी २०१९ मध्येच हा करार एकतर्फी असल्याची तक्रार केली होती. ही भीती पोकळ नाही. पण इतिहास काय सांगतो? १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात अमेरिकी विमानांना पोर्तुगालखेरीज युरोपातल्या मित्रांनी वाट दिली नाही. एप्रिल १९८६ मध्ये लिबियावर हल्ल्यासाठी ब्रिटनमधून निघालेल्या विमानांना फ्रान्स आणि स्पेनने आकाश नाकारले. ती स्पेनला वळसा घालून गेली. १ मार्च २००३ रोजी तुर्कस्तानच्या संसदेत ठरावाच्या बाजूने २६४ आणि विरोधात २५० मते पडूनही आवश्यक बहुमत भरले नाही, आणि तुर्कस्तानातून इराकवर चालून जाण्यासाठी जहाजांवर वाट पाहणारी अमेरिकी डिव्हिजन कुवेतकडे वळवावी लागली. यांपैकी एकही देश नाटोतून बाहेर काढला गेला नाही. राग धरला गेला, काही वर्षे संबंध आंबले, बस्स. उलट, काहीही न विचारता सगळे देऊन जपानला काय मिळाले? जुलै २०२५ मध्ये पंधरा टक्के आयातशुल्क आणि ५५० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचे आश्वासन.

युतीला मर्यादा घातली की ती कमकुवत होते, हा समज जपानच्या पहिल्याच युतीने खोटा ठरवला आहे. १९०२ च्या ब्रिटन-जपान करारात लिहिले होते की एका देशाशी युद्ध झाले तर दुसऱ्याने तटस्थ राहायचे. शत्रूच्या मदतीला आणखी कोणी आला तरच युद्धात उतरायचे. त्यामुळे १९०४ मध्ये जपान-रशिया युद्ध झाले तेव्हा ब्रिटन बाहेर राहिला आणि रशियाच्या मदतीला येण्याचे धाडस फ्रान्सला झाले नाही. १९०५ मध्ये तोच करार वाढवून त्याच्या कक्षेत हिंदुस्थानचे रक्षण आले, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला बंड केलेल्या हिंदी शिपायांविरुद्ध जपानी नौसैनिक उतरले. मर्यादा सैल झाल्या की मित्र कोणत्या कामाला लावेल, सांगता येत नाही. १९४० चा जर्मनी-इटलीशी केलेला त्रिपक्षीय करार तर अमेरिकेला धाक दाखवण्यासाठी होता. सव्वा वर्षात जपान अमेरिकेशीच लढत होता.

तेव्हा करायचे ते असे. पूर्वसल्लामसलतीचा कायदा संसदेने स्वतः करावा. आज उत्तर देण्याचा अधिकार पूर्णपणे मंत्रिमंडळाकडे आहे आणि संसदेला कळवण्याचेही बंधन नाही. होकार द्यायचा तर मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय हवा, ठरलेल्या तासांत संसदेची आधी किंवा, अगदीच वेळ नसेल तर, नंतर मंजुरी हवी; स्वसंरक्षण दलांना लढाईत उतरवायला ती आजही लागतेच, मग आपल्या भूमीवरून दुसऱ्याला लढू देताना का नको? ‘हालचाली’ची व्याख्या बदलून जपानमधून निघून इंधन भरण्यापुरते कुठे थांबलेले विमान कलमाखाली आणावे. क्षेपणास्त्रांसाठी पल्ला आणि मुक्कामाचे दिवस आकड्यात लिहावेत. कोरियाचा गुप्त मसुदा रद्द असल्याचे दोन्ही सरकारांनी लेखी जाहीर करावे. आणि तळांबाहेरच्या अपघातांचा तपास जपानी पोलिसांकडे द्यावा. जर्मनीने १९९३ मध्ये आपल्या पूरक करारात स्थानिक कायद्याची पकड वाढवून घेतली, इटलीत तळाचा प्रमुख इटालियन अधिकारी असतो. दोन्ही देश नाटोत सुखाने नांदत आहेत. ओकिनावाच्या राज्य सरकारने या देशांचा अभ्यास करून तो टोकियोपुढे ठेवला आहे, टोकियोने तो वाचण्याचे कष्ट घ्यावेत.

यात चीनला धाक कमी होतो का? मला उलट वाटते. आज बीजिंगला दोनच शक्यता दिसतात: जपान सगळ्यात आपोआप ओढला जाईल, किंवा ऐनवेळी कच खाईल. आपोआप ओढला जाणार असेल, तर त्याला पहिल्याच तासाला मारणे फायद्याचे. कच खाणार असेल, तर दमदाटी फायद्याची. निर्णय टोकियोत, ठरलेल्या रीतीने होणार असेल, तर जपानवर हल्ला न करण्याचे एक कारण बीजिंगच्या हाती राहते आणि हल्ला केल्यास जपानचा होकार नक्की, हेही त्याला ठाऊक राहते. कुंपणावर बसलेल्या किंवा डोळे मिटून मागे चालणाऱ्या जपानला हा डाव खेळताच येत नाही.

घाई करायला कारण आहे. २४ मार्च २०२५ रोजी जपानने तिन्ही दलांची संयुक्त कारवाई कमान सुरू केली, आणि जपानमधल्या अमेरिकी मुख्यालयाला लढाईचे नेतृत्व करण्याचे अधिकार देण्याचे २०२४ मध्येच जाहीर झाले आहे. दोन मुख्यालये एकाच नकाशावर, एकाच माहितीवर काम करू लागली की विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण, हे वेगळे करणे दर वर्षी अवघड होत जाईल. संयुक्त कमानीची कार्यपद्धती अजून बसते आहे, तोवर त्या कार्यपद्धतीत एक ओळ घालून घेणे सोपे आहे: ही मोहीम १९६० च्या कराराच्या कलम ६ खाली, म्हणजे तळांच्या वापराच्या पूर्वसल्लामसलतीखाली, येते का, हे तपासणारा जपानी अधिकारी कोण, आणि त्याचा फोन थेट कोणाला जातो. ओकादांनी पुढचा प्रश्न हा विचारावा.